सबसिडीचं यंत्र गावात उघडता आलं पाहिजे

सोलर पंपावरनं आपल्याकडं सध्या जो वाद चाललाय तो ऐकून वैताग येतो. जळगाव असो, धुळे असो की शहादा-तळोद्याकडचा भाग, कृषी प्रदर्शनाचा मांडव, सोसायटीचा ओटा, लग्नाची पंगत, कुठंही चार शेतकरी बसले की विषय निघतो आणि लगेच दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते, इलेक्ट्रॉनिक वस्तूला गावातल्या मेकॅनिकनं हात लावायचाच नाही, बंद पडली की टोल फ्री नंबर लावा, कंपनीचा माणूस येईल, तो बघेल, तुम्ही झाकण उघडलं की वॉरंटी गेली आणि वर जिवाला धोका. दुसरी पार्टी म्हणते हे सगळं विकायचे धंदे आहेत, आपली जुनी मोटर, जुना स्टार्टर आणि आठ तासाची लाइट बरी, ती बिघडली तर निदान कोणी हात तरी लावतो. दोघंही एकमेकाला मूर्खात काढतात आणि चहा संपला की उठतात. पंप मात्र तिकडं बंदच असतो.

माझं म्हणणं सरळ सांगतो. आपल्या सगळ्यांच्या पैशातनं, म्हणजे सबसिडीतनं जे यंत्र शेतात येतं त्याचं सर्किट, एरर कोडचा अर्थ, सेटिंगचा पासवर्ड आणि सुटे पार्ट हे तालुक्याच्या मेकॅनिकला मिळालेच पाहिजेत, आणि ही अट टेंडर काढतानाच लिहिलेली पाहिजे. यंत्र बसल्यावर, बिघडल्यावर, शेतकरी तक्रार करून थकल्यावर मागून नाही. यंत्र घ्यावं की नको यावर भांडत बसण्यात काही अर्थ नाही, ते येऊन बसलंय, अजून येणार आहे. ते बंद पडल्यावर कोण, कुठं बसून, किती दिवसात चालू करणार यावर भांडलं पाहिजे.

आणि हे फक्त पंपापुरतं नाही. फोनवरनं मोटर चालू-बंद करणारा मोबाईल स्टार्टर, ड्रिपच्या ऑटोमेशनचा कंट्रोलर आणि त्याचे विजेवर उघडझाप होणारे सोलेनॉइड व्हॉल्व्ह, रानडुकरं अडवायचं झटका मशीन, डेअरीवरचं फॅट मशीन, कापसाचा ओलावा बघायचं मीटर, डिजिटल काटा, आणि आता बचत गटांकडं आलेले फवारणीचे ड्रोन. केंद्रानं २०२३ च्या नोव्हेंबरात १५,००० महिला बचत गटांना ड्रोन द्यायची योजना मंजूर केली, किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये सबसिडी. चांगली गोष्ट आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण मोबाईल बिघडला तर बसस्टँडजवळ दहा दुकानं आहेत, कारण एकसारखे मोबाईल लाखांनी विकले गेले आणि पोरं त्यावर हात साफ करून शिकली. शेतीतली ही यंत्रं थोडी, प्रत्येक कंपनीचं कार्ड, म्हणजे आतली सर्किटची पट्टी, वेगळं, एका गावात चार कंपन्यांचे चार कंट्रोलर, मग शिकणार कोण आणि कशावर? हा फरक वाद घालणारे लक्षातच घेत नाहीत.

खान्देशात या प्रश्नाला उन्हाची धार आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगाव पट्ट्यात पारा ४५ च्या वर जातो, तो सावलीतला आकडा. सोलर पंपाचा कंट्रोलर म्हणजे प्लेटांची वीज मोटरला जुळवून देणारा डबा, तो प्लेटांच्या स्टँडला अडकवलेला, बाहेरनं गरम हवा, आत आयजीबीटी, म्हणजे वीज वेगानं चालू-बंद करणारा पार्ट, तापतोय त्याची उष्णता वेगळी. त्या डब्यात जे मोठे गोल इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर असतात त्यांचा साधारण हिशोब असा की तापमान १० अंशानं वाढलं की आयुष्य निम्म्यावर येतं. म्हणजे थंड मुलखात जो डबा बिनघोर चालेल तोच रावेर-यावलच्या मळ्यात लवकर जाणार हे भौतिकशास्त्रानंच ठरवलेलं आहे, त्यात शेतकऱ्याची हयगय शोधायची गरज नाही. आणि जाणार कधी तर भर उन्हाळ्यात, जेव्हा केळीच्या मृगबागेचे, म्हणजे जून-जुलैत लावलेल्या बागेचे, घड भरणीवर असतात आणि कांदेबाग, म्हणजे ऑक्टोबरच्या आसपास लावलेली, निसवणीच्या म्हणजे घड बाहेर पडायच्या तोंडावर असते. वाढलेल्या केळीच्या एका झाडाला त्या दिवसात ड्रिपनं रोजचं वीस लिटरच्या आसपास पाणी लागतं. चार-पाच दिवस पाणी चुकलं की पानाच्या कडा करपतात, घड पोसत नाही, मग व्यापारी येऊन माल बघतो आणि भाव पाडून मागतो. अशा वेळी "सात दिवसात तक्रार निकाली काढू" हे वाक्य ऑफिसात बसणाऱ्याला वाजवी वाटतं, केळीवाल्यासाठी ते वर्षाचं नुकसान असतं.

चोपड्याच्या बाजूला एका बाजाराच्या गावात एक मेकॅनिक आहे, आधी टीव्ही करायचा, टीव्हीचं काम संपत आलं तसा मोबाईल स्टार्टर आणि झटका मशीनकडं वळला. त्याच्या टेबलावर मी सोलरचा एक कंट्रोलर उघडलेला बघितला. आत पाल जाऊन मेलेली, दोन टर्मिनलच्या मध्ये चिकटून काळी पडलेली, कोपऱ्यात मुंग्यांनी माती आणून ठेवलेली. ती घाण त्यानं ब्रश आणि थिनरनं काढली, मल्टिमीटर लावला. इनपुटची एमओव्ही, म्हणजे जादा व्होल्टेज अडवणारा पार्ट, फुटलेली होती, आभाळ कडाडलं की आधी तीच जाते, तिचं कामच ते आहे, स्वतः जाऊन पुढचं वाचवायचं, आणि वस्तू किरकोळ किमतीची. जुने डाग काढले, नवीन बसवली, डाग दिले. इथपर्यंत सगळं त्याच्या हातचं होतं. पुढं कंट्रोल कार्ड आलं. अर्ध्या कार्डावर काळं केमिकल ओतून कडक केलेलं, आणि जिथं ओतलं नव्हतं तिथल्या मेन आयसीवरचा नंबर घासून पुसून टाकलेला. तरी सप्लाय दिला तर स्क्रीन लागली, त्यावर एक एरर कोड आला, त्याचा अर्थ शेतकऱ्याला मिळालेल्या पुस्तिकेत नव्हता. मोटर मधल्या काळात नव्यानं वाइंडिंग भरून आणलेली होती म्हणून अँपिअरची सेटिंग बघायला मेनूत गेला तर पासवर्ड. कंपनीला फोन लावला तर उत्तर मिळालं की तक्रार नोंदवा, टेक्निकल माहिती बाहेर देता येत नाही. पंपाचा मालक शेजारी स्टुलावर बसलेला, वयस्कर माणूस, तो एवढंच म्हणाला, "आते काय करानं भाऊ?"

त्या टेबलावर कमी काय होतं? हुशारी होती, हत्यारं होती, पार्ट जळगावच्या मार्केटमधनं किंवा कुरिअरनं येऊ शकत होता. कमी होता एक कागद आणि एक चार आकडी पासवर्ड. आणि ते मुद्दाम लपवलेले होते.

आता समोरच्यांचे मुद्दे घेऊ, आणि ते हलके नाहीत. पहिला मुद्दा जिवाचा. सोलरच्या प्लेटा दहा-पंधरा एका माळेत जोडल्या की डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेचं, व्होल्टेज पाचशेच्या आसपास जातं, आणि डीसी हा प्रकार घरातल्या एसी विजेपेक्षा वाईट, कारण एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी तुटते, डीसीची ठिणगी तुटत नाही, जळतच राहते. वरनं उन्हं असेपर्यंत प्लेटा बंद करता येत नाहीत, मेन पाडला तरी प्लेटांकडनं येणारी वायर जिवंतच. कंट्रोलरमधल्या कपॅसिटरमध्ये बंद केल्यावरही काही वेळ चार्ज राहतो. हे सगळं खरं आहे. अर्धवट माहितीवर कोणी झाकण उघडलं तर माणूस मरू शकतो. ड्रोनच्या लिथियम बॅटरीचंही तसंच, चुकीची चार्ज केली तर पेट घेते.

पण नीट बघा, या धोक्यावर उपाय काय? माहिती लपवणं? माझ्या मते धोका असलेल्या गोष्टीचीच माहिती सगळ्यात आधी आणि सगळ्यात स्पष्ट दिली पाहिजे. कपॅसिटर किती वेळात रिकामा होतो, डीसी आयसोलेटर कुठं आहे, कुठल्या दोन टर्मिनलवर मोजून खात्री करायची, हे मराठीत छापून डब्याच्या आतल्या बाजूला चिकटवा ना. कारण लपवल्यानं उघडणारा थांबत नाही. केळी वाळायला लागली की माणूस डबा उघडतोच, फक्त अंधारात उघडतो. डीपीवर फ्यूज टाकायला चढणारे लोक आपण रोज बघतो, तो त्यांचा मूर्खपणा नसतो, वायरमन येत नाही आणि पाणी भरायची पाळी निघून जाते म्हणून चढतात. झटका मशीनचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. ते मशीन साधारण सेकंदाला एकदा, क्षणभराचा झटका देतं, जनावर दचकून मागं फिरतं, मरत नाही, आणि सातपुड्याच्या पायथ्याला मका-भुईमूग करणाऱ्यांना त्याशिवाय गत्यंतर नाही. ते बंद पडलं, दुरुस्त करणारा कोणी नाही, रात्री डुकरांचा कळप येणार हे माहीत आहे, तेव्हा काही लोक तारेत डायरेक्ट लाइनीचा करंट सोडतात. त्यात जनावरं मरतात, माणसंही मरतात, आणि तो गुन्हा आहे, त्याला कुठलीही सबब नाही. पण मशीन दुसऱ्या दिवशी दुरुस्त होऊन मिळत असतं तर त्या वाटेला जाणारे कमी झाले नसते का? मग सुरक्षेच्या नावानं दुरुस्ती बंद ठेवून आपण सुरक्षा वाढवतोय की घटवतोय?

शिवाय धोक्याच्या कामाला लायसन असतं ही काही नवीन कल्पना नाही. डिजिटल काट्याचं बघा. काट्यात फेरफार झाला तर कापूस विकणारा प्रत्येक शेतकरी लुटला जाईल, म्हणजे तिथं माहिती उघडी करायचा धोका सगळ्यात मोठा. तरी वैधमापन कायदा २००९ काय म्हणतो? काटा दुरुस्त करायला लायसन लागतं, लायसनवाला दुरुस्त करतो, मग इन्स्पेक्टर तपासून पुन्हा शिक्का मारतो. काटा बनवणारी कंपनी कुठलीही असो. सील आहे, शिस्त आहे, आणि दुरुस्ती तरीही जिल्ह्यातच होते. जी व्यवस्था काट्याला चालते ती कंट्रोलरला का चालू नये? आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, वायरमनचा आहे, जिल्ह्यात पॉलिटेक्निक आहे, इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, रावेर तालुक्यातल्या पाल गावाला आणि धुळ्या-नंदुरबारला कृषी विज्ञान केंद्रं आहेत. सोलर कंट्रोलर आणि स्टार्टर दुरुस्तीचा छोटा कोर्स घ्या, परीक्षा घ्या, लायसन द्या, चुकीचं काम केलं तर लायसन काढून घ्या. कोणीही उठावं आणि उघडावं असं मी म्हणतच नाही.

दुसरा मुद्दा वॉरंटीचा. लोक म्हणतात, अरे मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत शेतकरी १० टक्के भरतो, अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर ५ टक्के, आणि पाच वर्षं दुरुस्तीची हमी फुकट, इन्शुरन्स सुद्धा, मग रडता कशाला? मान्य, ही हमी मोठी गोष्ट आहे, आणि काही ठिकाणी कंपनीचे टेक्निशियन खरोखर धावून येतात, बिचारे एकेक पोरगा दोन-तीन तालुके मोटारसायकलवर फिरतो, त्याच्यावर माझा राग नाही. पण प्लेटांची हमी साधारण २५ वर्षांची असते. कंट्रोलरची पाच. मधली वीस वर्षं कोणाची? २०१८ च्या शेवटी राज्यानं मुख्यमंत्री सौर कृषी पंप योजना जाहीर केली, त्यात सुरवातीला बसलेल्या पंपांची पाच वर्षं कधीच उलटून गेली. हमी संपल्यावर त्या शेतकऱ्याला कंपनी सांगते अख्खा कंट्रोलर नवीन घ्या, कार्ड सुटं मिळत नाही. बिघाड एका एमओव्हीचा, नाहीतर एका रिलेचा, आणि बिल अख्ख्या डब्याचं. आणि सोलर घेतल्यावर त्याच विहिरीवर पुन्हा लाइटचं कनेक्शन मिळणं सोपं राहिलेलं नसतं, म्हणजे परतीची वाटही अरुंद.

तिसरा मुद्दा कंपनीच्या हक्काचा. आम्ही खर्च करून डिझाइन केलं, सर्किट उघडं केलं तर उद्या कोणीही नकली माल काढेल. यात तथ्य आहे, नकली कार्डांचा बाजार खरंच आहे आणि त्यानं शेतकऱ्याचंच नुकसान होतं. पण दुरुस्तीला लागतं ते वेगळं आणि नकलेला लागतं ते वेगळं. मेकॅनिकला प्रोग्रामचा सोर्स नको असतो. त्याला पॉवर सेक्शनचा नकाशा, कुठल्या पॉइंटला किती व्होल्ट असले पाहिजेत, एरर कोडची यादी आणि पार्टचे नंबर एवढं हवं असतं. कार्डावर केमिकल ओतायलाही माझी ना नाही, ओलावा आणि धुळीपासनं ते वाचवतं, पण मग ते कार्ड सुटं विका, ठरलेल्या भावात. ज्याला खरोखर नक्कल करायची आहे तो आयसी घासली म्हणून थांबत नाही, त्याच्याकडं लॅब असते. थांबतो तो चोपड्याचा मेकॅनिक.

हा वाद आपल्या एकट्याचा नाही. अमेरिकेत ट्रॅक्टरवरनं हेच चाललं. तिथली सगळ्यात मोठी कंपनी जॉन डिअर, ट्रॅक्टरमध्ये सॉफ्टवेअर असं बसवलेलं की काही दुरुस्त्या डीलरच्या लॅपटॉपशिवाय पूर्णच होत नाहीत, पेरणीच्या हंगामात शेतकरी डीलरची वाट बघत बसतो. शेकडो एकराचा धनी, पण आपल्याच ट्रॅक्टरपुढं हतबल. २०२३ मध्ये कोलोरॅडो राज्यानं कायदा केला, १ जानेवारी २०२४ पासनं लागू, शेती यंत्र बनवणाऱ्यांनी पार्ट, मॅन्युअल, सॉफ्टवेअर आणि हत्यारं शेतकऱ्याला आणि बाहेरच्या मेकॅनिकला दिलीच पाहिजेत. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगानं या कंपनीवर केसच टाकली. म्हणजे जिथं धंद्याला सगळ्यात जास्त मोकळीक आहे त्या देशातही हा हक्काचा मुद्दा मानला गेला.

आणि आपल्याकडं काहीच झालं नाही असंही नाही. २०१४ मध्ये आपल्या स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोकला होता, कारण काय तर सुटे पार्ट आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजवाल्यांना देत नव्हत्या. पुढं अपिलं झाली, पण तत्त्व तर मांडलं गेलं ना. मग जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, तिनं चार क्षेत्रं निवडली आणि त्यात शेती अवजारं होती, मोबाईल होते, घरगुती उपकरणं होती, गाड्या होत्या. त्याच वर्षी डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू झालं. चार वर्षांत गाडी कुठं गेली? वस्तू किती सहज दुरुस्त होते हे सांगणाऱ्या दुरुस्ती निर्देशांकाची चर्चा मोबाईल आणि घरातल्या वस्तूंकडं वळली, शेती अवजारं मागच्या बाकावर. शहरातल्या माणसाचा फोन बिघडला तर तो ओरडतो आणि त्याचं ऐकलं जातं. तळोद्याच्या शेतकऱ्याचा कंट्रोलर बिघडला तर तो विहिरीवर जाऊन बसतो.

आता दुसऱ्या पार्टीकडं. जुनंच बरं म्हणणाऱ्यांचा राग मला कळतो, पण त्यांचा निष्कर्ष पटत नाही. रात्रीच्या पाळीला लाइट, अंधारात बांधानं चालत जाऊन मोटर चालू करायची, साप-विंचू, थंडी, हे ज्यांनी काढलंय त्यांना दिवसाच्या पाण्याची किंमत विचारा. मोबाईल स्टार्टरनं किती जणांच्या रात्रीच्या चकरा वाचवल्या. आणि जुनी मोटर चांगली होती म्हणजे काय? ती काय जळत नव्हती? सिंगल फेजिंग झालं, म्हणजे तीनपैकी एक फेज गेली, की जळायचीच. पण ती जळाली तर संध्याकाळी ट्रॅक्टरवर टाकून तालुक्याला न्यायची, वाइंडिंगवाला भरून ठेवायचा, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी विहिरीत उतरायची. पारोळा, अमळनेर, शिरपूर, कुठंही जा, मोटर भरणारी दुकानं रांगेनं दिसतील, त्यातले कितीतरी जण कॉलेजचं तोंड न बघितलेले. कुठल्या गेजची तार, किती वेटे, हे मोटर उघडून मोजता येत होतं, कोणी लपवलं नव्हतं, लपवता येत नव्हतं. ज्याला आपण जुन्याचा भरवसा म्हणतो तो खरा या उघडेपणाचा भरवसा होता.

ड्रिपचंही तेच. जळगाव आज ड्रिपसाठी देशभर ओळखलं जातं. सुरवातीला ड्रिपही नवलाचीच वस्तू होती, प्लॅस्टिकच्या नळ्यांनी केळी पिकते होय, म्हणून हसणारे होते. ती गावोगाव रुजली त्याला सबसिडी कारण आहे, कंपन्यांची मेहनत कारण आहे, पण एक कारण असं की १६ एमएमची लॅटरल, म्हणजे पिकाच्या ओळीतली नळी, उंदरानं कुरतडली तर गावातल्या दुकानातनं जॉइनर आणायचा, कापायचं, जोडायचं, दहा मिनिटात पाणी चालू. ड्रिपर चोंदला तर ॲसिड ट्रीटमेंट शेतकरी स्वतः देतो. मापं ठरलेली होती, भारतीय मानक ब्युरोची मानकं होती, म्हणून एका कंपनीच्या नळीत दुसऱ्याचा जॉइनर बसतो. आता त्याच ड्रिपवर ऑटोमेशनचा कंट्रोलर आला आणि तो मात्र बंद डबा. नळी सगळ्यांची आणि तिचा मेंदू एकाच कंपनीचा, हे कसं चालेल?

याहून मागं जायचं तर पांझरा नदीवर जा. साक्री-धुळ्याच्या पट्ट्यातली फड पद्धत शेकडो वर्षं चालली, नदीवर बंधारा, त्यातनं पाट, शेताचे फड पाडलेले, कुठल्या फडात कुठलं पीक हे गावानं मिळून ठरवायचं. लोक तिचं कौतुक करताना पाणीवाटपाबद्दल बोलतात, ते योग्यच आहे, पण ती टिकली कशानं? पाटाचं पाणी सोडणारा पाटकरी होता, राखण करणारा जागल्या होता, हंगामाआधी पाट साफ करायला शेतकऱ्यांनी स्वतः उतरायचं ठरलेलं होतं. बंधारा फुटला तर दुरुस्तीची अक्कल, माणसं आणि सामान तिथंच होतं. पाणी ज्याचं, दुरुस्ती त्याची. ज्या व्यवस्थेची दुरुस्ती वापरणाऱ्याच्या हातात होती ती राजवटी बदलल्या तरी चालू राहिली. सरकारी योजना लिहिणाऱ्यांनी फडावर निबंध वाचलेले असतात, पण पंपाचं टेंडर लिहिताना ते आठवत नाहीत.

आणि टेंडरमध्ये दुरुस्ती लिहायची म्हणजे काही अचाट मागणी आहे असंही नाही. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. गांधीजींचा त्यात पुढाकार. अटी वाचा, किंमत १५० रुपयांच्या आत, बाईमाणसाला आठ तास फार न थकता चालवता आला पाहिजे, आणि पुढची अट अशी की वेळच्या वेळी देखभाल केली तर यंत्र किमान २० वर्षं चाललं पाहिजे आणि देखभालीचा वर्षाचा खर्च किमतीच्या ५ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी! नुसतं सूत किती निघतं एवढं विचारलं नाही, वीस वर्षांनी ते चालू असेल का हे आधीच विचारलं. ते बक्षीस कुणालाच मिळालं नाही, हेही खरं, आणि यावर कोणी म्हणेल की बघा, अटी कडक ठेवल्या की वस्तूच येत नाही. पण तिथं चरख्याचा वेग, किंमत आणि टिकाऊपणा सगळंच नव्यानं शोधायचं होतं. इथं शोधायचं काही नाही. सर्किटचा नकाशा कंपनीकडं आहे, एरर कोडची यादी आहे, पार्ट त्यांच्या गोडाऊनमध्ये आहेत. द्यायचं तेवढं बाकी आहे. आणि माल लाखांच्या संख्येनं घेणारं सरकार जर अट घालू शकत नसेल तर मग कोण घालणार?

अट काय असावी तेही बोलू, कारण नुसतं "दुरुस्तीचा हक्क द्या" म्हणून भागत नाही. कंट्रोलर, स्टार्टर, झटका मशीन काहीही असो, सबसिडीत बसवायचं असेल तर मराठीत दुरुस्ती पुस्तिका, फक्त वापराची नाही. पॉवर कार्ड आणि कंट्रोल कार्ड वेगवेगळी, सुटी मिळणारी, आणि त्यांचा भाव टेंडरमध्येच लिहिलेला. सेटिंगचा पासवर्ड मालकाच्या नावानं, पंप बसवतानाच हातात. हमीच्या काळात लायसनवाल्या मेकॅनिकनं ठराविक दिवसांनंतर दुरुस्ती केली तर हमी तुटणार नाही आणि बिल कंपनीनं द्यायचं, ही अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती आली की कंपनीचा टेक्निशियन आपोआप लवकर यायला लागेल. यानं पंप थोडा महाग होईल? होऊ दे. आज स्वस्त पडतो तो कागदावर पडतो, बंद पडलेल्या पंपाचा खर्च शेतकऱ्याच्या खात्यात जातो आणि कुठल्या फायलीत दिसत नाही म्हणून.

हवामान केंद्राला मात्र मी वेगळं काढतो. महावेध प्रकल्पात राज्यात महसूल मंडळ धरून २००० च्या वर केंद्रं बसली, आणि केळीचा हवामान आधारित फळपीक विमा त्यांच्या आकड्यावर चालतो. थंडीत सलग काही दिवस पारा ठरलेल्या अंशाच्या खाली गेला की भरपाई, उन्हाळ्यात वर गेला की भरपाई. तिथल्या सेन्सरला गावातल्या कोणी हात लावू नये हे मलाही पटतं, ज्याचा पैसा त्या आकड्यात अडकलाय त्यानं तो आकडा दुरुस्त करायचा नसतो. पण तिथं दुरुस्तीचा हक्क नसेल तर दुरुस्तीची माहिती तरी उघडी पाहिजे. केंद्र कधी बंद होतं, कुठला सेन्सर कधी बदलला, शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं, याची वही ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लागली पाहिजे. बाहेर केळी थंडीनं पिवळी पडतेय आणि केंद्राचा आकडा वेगळंच सांगतोय असं झालं तर शेतकऱ्यानं कशाच्या जोरावर दाद मागायची?

राहिले ते आधीच बसलेले पंप, ज्यांना यातली कुठलीच अट लागू नाही. त्यांच्यासाठी नवीन टेंडरची वाट बघत बसायला नको. ज्या कंपन्या अजून सबसिडीचं काम घेतात त्यांना पुढचं काम देताना सांगता येतं की आधी जुन्या मॉडेलचे नकाशे आणि पासवर्ड द्या, जुनी कार्डं सुटी विका, मग नवीन ऑर्डर. ज्यांनी धंदा गुंडाळला त्यांचे बंद कंट्रोलर गोळा करून जळगाव-धुळ्याच्या पॉलिटेक्निक आणि आयटीआयच्या टेबलावर आणा, पोरांना प्रोजेक्ट म्हणून द्या, उघडू द्या, मोजू द्या, नकाशा काढू द्या, आणि तो नकाशा मराठीत छापून प्रत्येक तालुक्याच्या कृषी कार्यालयात ठेवा. हे काम या हिवाळ्यात सुरू झालं तर पुढच्या मे महिन्याच्या आत काही पंप तरी पाण्यावर येतील.